मुलाला कॉलेजात बेसबॉल खेळायचाय? पालकांनी आधी एवढं समजून घ्यावं

अमेरिकेतल्या मराठी घरांमधून एक प्रश्न सारखा येतो. मुलगा हायस्कूलच्या संघात आहे, शनिवार-रविवार ट्रॅव्हल टीमबरोबर सामने चालू असतात, कोचही म्हणतात की पोरात दम आहे. मग त्याला कॉलेजात खेळायला मिळेल का? शिष्यवृत्ती मिळेल का? की या नादात अभ्यासही जायचा आणि पैसेही? आपल्यापैकी बहुतेक जण क्रिकेट बघत मोठे झालो. कॉलेज प्रवेश आणि खेळ यांची इथे जी सांगड असते, ती आपल्या अंगवळणी पडलेली नाही. मग मैदानाच्या कडेला इतर पालकांकडून जे कानावर पडतं, त्यावरच निर्णय होतात.

थोडक्यात उत्तर असं: मनापासून खेळणाऱ्या आणि अभ्यासात बरा असलेल्या मुलाला कुठे ना कुठे खेळायला मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण ती जागा त्यानं स्वतः शोधायची असते. म्हणून ‘सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, जागा मिळेल का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा: कोणत्या कॉलेजात हा खरोखर मैदानावर उतरेल, आणि उद्या खेळ थांबला तरी तिथे आनंदानं शिकेल?

आधी वस्तुस्थिती

हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या दर शंभर मुलांपैकी साधारण सात-आठ जण पुढे एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेतल्या कोणत्या ना कोणत्या संघात पोचतात. डिव्हिजन वनमध्ये जेमतेम दोन-तीन. शिवाय आता बारावीतल्या मुलाची स्पर्धा फक्त बारावीतल्या मुलांशी उरलेली नाही. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणं सोपं झाल्यामुळे वीस-एकवीस वर्षांचे, अंगानं भरलेले, अनुभवी खेळाडू कोचला आयते मिळतात.

त्यात २०२५ मध्ये आणखी एक बदल झाला. ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातल्या तडजोडीला जून २०२५ मध्ये न्यायालयाची मंजुरी मिळाली. ही तडजोड स्वीकारलेल्या डिव्हिजन वन कॉलेजांना बेसबॉल संघात आता जास्तीत जास्त ३४ खेळाडू ठेवता येतात. पूर्वी ही संख्या ४० पर्यंत जात असे. नवख्या मुलांसाठी राखलेल्या जागा त्यामुळे कमी झाल्या आहेत. मुलगा चांगला असूनही डिव्हिजन वनमधून उत्तर आलं नाही, तर ते त्याचं अपयश मानू नका.

कुठे कुठे खेळता येतं

* एनसीएए डिव्हिजन वन: सुमारे ३०० संघ. फेब्रुवारीच्या मध्यापासून हंगाम सुरू होतो आणि नियमित हंगामात ५६ सामन्यांपर्यंत खेळता येतं. आठवड्याच्या मधल्या दिवशीही प्रवास होतो. इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड करणाऱ्या मुलाच्या प्रयोगशाळेच्या वेळा इथे आड येऊ शकतात.
* आयव्ही लीग: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठही विद्यापीठं डिव्हिजन वनमध्येच खेळतात, पण खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. मदत मिळते ती कुटुंबाच्या आर्थिक गरजेनुसार.
* डिव्हिजन टू: खेळाची शिष्यवृत्ती असते, पण बहुधा थोडी थोडी वाटून दिलेली. शैक्षणिक शिष्यवृत्तीशी तिची जोड घालता येते.
* डिव्हिजन थ्री: सर्वांत जास्त संघ इथे आहेत. खेळासाठी पैसे मिळत नाहीत, पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, टफ्ट्स, ॲमहर्स्ट, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो या संस्था याच गटात खेळतात. नियमित हंगाम ४० सामन्यांपर्यंतचा असतो. अभ्यासात पक्क्या असलेल्या मुलासाठी हा गट मराठी पालकांनी सर्वांत आधी पाहायला हवा, आणि नेमका तोच बहुतेक घरांत शेवटी पाहिला जातो.
* एनएआयए: एनसीएएपेक्षा वेगळी संघटना. बहुतेक छोटी खासगी कॉलेजं. खेळाची शिष्यवृत्ती देतात आणि खेळाडूंशी संपर्काचे नियमही सैल आहेत.
* ज्युनिअर कॉलेज: दोन वर्षांचं शिक्षण, फी कमी, मैदानावर उतरण्याची संधी जास्त. उशिरा उंची वाढलेल्या किंवा दुखापतीतून सावरणाऱ्या मुलाला दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं त्यांच्या वेगळ्या संघटनेत खेळतात.
* क्लब बेसबॉल: मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीच चालवलेले संघ असतात आणि ते इतर विद्यापीठांशी सामने खेळतात. मुलाला मनासारख्या विद्यापीठात शिकायचंय आणि हातातली बॅटही सोडायची नाही, तर हा मार्ग कमी प्रतीचा समजू नका.

मुलगा कोणत्या गटात बसतो?

आईवडिलांनी हे ठरवू नये. ट्रॅव्हल टीमच्या कोचलाही एकट्यानं ठरवू देऊ नये. दोन-तीन निःपक्षपाती माणसांना विचारा: शाळेचे कोच, प्रतिस्पर्धी संघाचे कोच, आणि शक्य असेल तर एखाद्या कॉलेजच्या कॅम्पमधले कोच. प्रश्न नेमका विचारा: ‘हा आज कोणत्या पातळीवर खेळू शकेल, आणि वरच्या पातळीसाठी काय कमी पडतं?’

कोच काही मोजमापं आवर्जून बघतात:

* पिचरच्या चेंडूचा वेग आणि अचूकता
* बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग
* ६० यार्ड धावायला लागणारा वेळ
* कॅचरनं चेंडू पकडल्यापासून तो दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंतचा वेळ

डिव्हिजन वनसाठी ढोबळ अंदाज असा धरतात: उजव्या हाताचा पिचर ताशी ८५ ते ९० मैल आणि त्याहून वर, ६० यार्डांची धाव सात सेकंदांच्या आत, कॅचरचा वेळ दोन सेकंदांच्या आसपास. हे आकडे उंबरठ्याचे आहेत. ते गाठले म्हणजे जागा मिळाली असं नाही, आणि थोडे कमी पडले म्हणजे सगळं संपलं असंही नाही. डावखुरा पिचर किंवा चांगला कॅचर कोचला नेहमीच हवा असतो. पंधराव्या वर्षीचा आकडा सतराव्या वर्षी टिकत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी मोजून नोंद ठेवा.

नववी ते बारावी: केव्हा काय करायचं

नववी
* विषयांची निवड नीट करा. डिव्हिजन वन आणि टूसाठी हायस्कूलच्या चार वर्षांत १६ मान्य ‘कोअर’ विषय पूर्ण व्हावे लागतात. शाळेच्या समुपदेशकाकडून मान्य विषयांची यादी मागून घ्या.
* उन्हाळ्यात ऑनलाइन केलेला विषय एनसीएए धरेलच असं नाही. फी भरण्याआधी विचारा.
* कॉलेजच्या कोचांना खेळ दाखवण्यासाठी भरणाऱ्या महागड्या शोकेसची या वर्षी गरज नाही. ताकद, धाव, झोप आणि खाणं याकडे लक्ष द्या.

दहावी
* मुलाला पंचवीस-तीस कॉलेजांची यादी करू द्या: काही आवाक्यापलीकडची, बरीचशी जमण्यासारखी, काही खात्रीची.
* दोन-तीन मिनिटांचा साधा व्हिडिओ तयार करा. संगीत, मंदगती, चमकदार अक्षरं नकोत. कोचला स्विंग, फेक आणि पायांची हालचाल दिसली पाहिजे.
* दहावी संपल्यावर १५ जूनपासून डिव्हिजन टूचे कोच मुलाशी थेट बोलू शकतात.

अकरावी
* अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून डिव्हिजन वनचे कोच फोन, मेसेज आणि ईमेल करू शकतात. त्याआधी मुलानं लिहिलं आणि उत्तर आलं नाही, तर ते नियमामुळेही असू शकतं.
* एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नोंदणी करा.
* डिव्हिजन वनसाठी १६ पैकी १० कोअर विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्यातले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानातले हवेत. या विषयांचा सरासरी जीपीए डिव्हिजन वनला किमान २.३ आणि डिव्हिजन टूला २.२ लागतो.
* एनसीएएच्या पात्रतेसाठी एसएटी किंवा एसीटी आता लागत नाही. कॉलेजला मात्र लागू शकते, त्यामुळे तयारी सोडू नका.

बारावी
* अकरावी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात चांगल्या डिव्हिजन थ्री कॉलेजांचे कोच मुलाची गुणपत्रिका प्रवेश विभागाला आधी दाखवून अंदाज घेतात. कोचनं गुणपत्रिका मागितली, तर आस्था खरी आहे असं समजा.
* प्रवेश अर्ज आणि आर्थिक मदतीचे अर्ज वेळेत भरा. कोच तुमच्या वतीनं ते भरणार नाहीत.
* एप्रिल-मे पर्यंतही काही संघांत जागा रिकाम्या होतात. तोवर खेळणं आणि लिहिणं चालू ठेवा.

ईमेल मुलानंच लिहायचा

आपल्याकडे शाळेच्या पत्रव्यवहारापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळं आईबाबा करतात. इथे तो हात आवरा. आईच्या नावानं आलेला ईमेल कोचला सांगतो की मुलगा अजून स्वतःच्या पायावर उभा नाही. तुम्ही शुद्धलेखन तपासा, पाठवू मात्र त्यालाच द्या.

ईमेलमध्ये एवढं पुरे:

* नाव, शाळा, हायस्कूल पूर्ण होण्याचं वर्ष, खेळण्याची जागा, उंची-वजन, कोणत्या हातानं फेकतो आणि फलंदाजी करतो
* जीपीए आणि घेतलेले अवघड विषय
* व्हिडिओची लिंक आणि पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक
* शाळेच्या आणि ट्रॅव्हल टीमच्या कोचचा संपर्क
* या कॉलेजातच का यायचंय, याची दोन प्रामाणिक वाक्यं

शेवटच्या मुद्द्यात कॉलेजचं नाव बदलून तोच मजकूर सगळ्यांना पाठवला, तर तो लगेच ओळखू येतो. महिन्या-दीड महिन्यानं नवं काही सांगण्यासारखं असेल तर पुन्हा लिहायला हरकत नाही. आणि प्रेक्षकांत बसल्यावर पंचाशी वाद घालू नका, कठड्यापलीकडून मुलाला सूचना देऊ नका. कोच मुलाबरोबर त्याचं घरही पाहत असतात.

पैशांचं गणित

बेसबॉलमध्ये पूर्ण शिष्यवृत्ती फार थोड्यांना मिळते. वर्षानुवर्षं डिव्हिजन वनच्या एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्या मिळत आणि त्या सत्तावीस किंवा त्याहून जास्त मुलांत वाटल्या जात. नव्या व्यवस्थेत तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांवर हे बंधन राहिलेलं नाही. पण मर्यादा उठली म्हणजे पैसे आले असं होत नाही. किती द्यायचे ते प्रत्येक कॉलेज आपल्या तिजोरीप्रमाणे ठरवतं.

म्हणून घरी एक कागद घ्या. कॉलेजचा वर्षाचा पूर्ण खर्च लिहा. त्यातून शैक्षणिक शिष्यवृत्ती, गरजेनुसार मदत आणि खेळाची मदत वजा करा. उरेल तो तुमचा खरा खर्च. पुष्कळदा खेळासाठी एक पैसाही न देणारं डिव्हिजन थ्री कॉलेज या हिशेबात डिव्हिजन वनपेक्षा स्वस्त पडतं. ट्रॅव्हल टीम, हॉटेलं, विमानं आणि खासगी शिकवणीवर दरवर्षी हजारो डॉलर जातात. ते शिष्यवृत्तीतून वसूल होतील, या हिशेबानं खर्च करू नका. मुलाला खेळायला आवडतं, हेच त्या खर्चाचं कारण असू द्या.

व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी हे जरूर पाहावं

* मुलाचा जन्म अमेरिकेत झाला असेल तर तो नागरिक आहे. तुमचं ग्रीनकार्ड झालेलं नसलं तरी तो सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, म्हणजे एफएएफएसए, भरू शकतो.
* मुलगा एच-फोर व्हिसावर असेल तर केंद्र सरकारची मदत मिळत नाही. कॉलेजची स्वतःची शैक्षणिक किंवा खेळाची शिष्यवृत्ती मिळू शकते. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लागू होते का, ते राज्याच्या नियमावर अवलंबून आहे. अर्ज करण्याआधी त्या कॉलेजला विचारा.
* एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो. बहुतेक मुलांना त्याआधी एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. हा दिवस कॉलेजच्या मधल्या वर्षांत येतो, म्हणून तारीख आत्ताच लिहून ठेवा.
* जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि छबीचा मोबदला घेता येतो. व्हिसावरच्या मुलासाठी मात्र ही कमाई बेकायदा काम ठरू शकते. कॉलेजचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आणि इमिग्रेशन वकील यांना विचारल्याशिवाय कशावरही सही नको.

तोंडी शब्द, लेखी करार आणि तुमचे हक्क

कोचनं ‘तुझी जागा पक्की’ म्हटलं आणि मुलानं होकार दिला, की घरात पेढे वाटले जातात. हा तोंडी होकार दोघांपैकी कुणालाही बांधत नाही. कोच बदलू शकतात, मुलगाही मन बदलू शकतो. पूर्वी सही होत असे तो ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. आता महत्त्व आहे ते आर्थिक मदतीच्या लेखी कराराला. सही करण्याआधी पाहा:

1. रक्कम किती आणि कशाकशासाठी: फी, राहणं, जेवण, पुस्तकं?
2. करार एका वर्षाचा की चार वर्षांचा?
3. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार?

डिव्हिजन वनमध्ये कराराच्या काळात दुखापत झाली किंवा खेळ घसरला म्हणून शिष्यवृत्ती कापता येत नाही. खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार कॉलेज सोडल्यावरही किमान दोन वर्षं मिळायला हवा, असाही नियम ऑगस्ट २०२४ पासून आहे. पण पैसे राखले म्हणजे संघातली जागा राखली असं नाही. जागा दर हंगामात पुन्हा मिळवावी लागते.

पालक इथे फसतात

* कॅम्पचं आमंत्रण म्हणजे निवड नव्हे. ‘तुझा खेळ आवडला, आमच्या कॅम्पला ये’ असा ईमेल शेकडो मुलांना जातो. कोचनं स्वतः फोन केला, सामना बघायला आले, गुणपत्रिका मागितली, तरच पुढचा विचार करा.
* पैसे घेऊन कॉलेज मिळवून देणारे. व्हिडिओ बनवणं, ईमेल पाठवणं हे मुलगा स्वतः करू शकतो. कॉलेज लागलं तर अमुक रक्कम, असा सौदा कुणी मांडला तर दूर राहा. मुलाची पात्रता त्यात अडचणीत येऊ शकते.
* फक्त नावाच्या मागे धावणं. मोठ्या विद्यापीठाच्या बाकावर चार वर्षं बसण्यापेक्षा लहान कॉलेजात रोज खेळणं मुलाला जास्त सुखाचं वाटू शकतं. त्यालाच विचारा.
* संघ कायम राहील हे गृहीत धरणं. बॉईझी स्टेटनं २०२० मध्ये बेसबॉल पुन्हा सुरू केला आणि त्याच उन्हाळ्यात बंदही केला. बर्कलीनं २०१० मध्ये संघ बंद करायचं जाहीर केलं होतं. देणग्या गोळा झाल्या, तो वाचला आणि २०११ मध्ये ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सीरिजपर्यंत गेला. पण प्रत्येक कॉलेजात असं घडत नाही.

हात जपा

पिचर असलेल्या मुलाच्या पालकांनी हा भाग दोनदा वाचावा. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शनानुसार १५-१६ वर्षांच्या मुलानं एका दिवसात ९५ पेक्षा जास्त आणि १७-१८ वर्षांच्या मुलानं १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि चेंडूंच्या संख्येनुसार मधे विश्रांतीचे दिवस घ्यावेत. वर्षातले काही महिने पिचिंग पूर्ण बंद हवं. शाळेच्या कोचला ट्रॅव्हल टीममधले चेंडू माहीत नसतात आणि ट्रॅव्हल टीमला शाळेतले. ते मोजणारं माणूस घरातच असायला हवं. शुक्रवारी शाळेसाठी आणि रविवारी शोकेससाठी टाकायला लावणाऱ्या कोचला नाही म्हणा.

आई भारतीय वंशाची असलेल्या कुमार रॉकरचं उदाहरण इथे उपयोगी आहे. २०१८ मध्ये हायस्कूलनंतर व्यावसायिक संघानं निवडूनही तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. २०१९ मध्ये ड्यूकविरुद्ध त्यानं एकही हिट न देता १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच वर्षी तो कॉलेज वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं त्याला पहिल्या फेरीत निवडलं, पण वैद्यकीय तपासणीनंतर करार झाला नाही. पुढे टेक्सास रेंजर्सनं त्याला घेतलं, मधे कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. एवढ्या गुणी खेळाडूचंही भवितव्य खांद्याच्या आणि कोपराच्या अहवालावर अडकलं होतं.

कॉलेजला भेट द्याल तेव्हा हे विचारा

* माझ्या जागेवर सध्या किती खेळाडू आहेत आणि ते कोणत्या वर्षात आहेत?
* गेल्या दोन वर्षांत बाहेरच्या कॉलेजांतून किती जण घेतले?
* मला जो विषय शिकायचाय, तो शिकणारे किती खेळाडू संघात आहेत?
* पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण चौथ्या वर्षापर्यंत संघात टिकतात?

हे प्रश्न मुलानं विचारायचे. शेवटचा प्रश्न कोचऐवजी संघातल्या मुलांना, कोच जवळ नसताना विचारावा. त्यांच्या उत्तरातून कॉलेजची खरी ओळख होते.

नियम दरवर्षी बदलतात, म्हणून सही करण्याआधी एनसीएएच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि त्या कॉलेजच्या नियमपालन कार्यालयात खात्री करून घ्या. त्याहून आधी मात्र मुलाशी बोला. त्याला खरंच पुढे खेळायचंय की तुमचा हिरमोड नको म्हणून तो खेळतोय, हे मोकळेपणानं विचारा. ‘नाही’ म्हणाला तर रागावू नका. तोही चांगला निर्णय आहे. ‘हो’ म्हणाला, तर यादी त्याला करू द्या, ईमेल त्याला लिहू द्या, निवडही त्यालाच करू द्या. हिशेब, कागदपत्रं आणि त्याच्या हाताची काळजी एवढं तुम्ही सांभाळा.